लक्झेंबर्गमधल्या बसायच्या जागा

जेवण झालं की काका खालची कवळी काढायचे, पाण्याच्या पेल्यात बुडवायचे आणि पेला दोन-तीनदा गरगर फिरवायचे. मग कवळी उजेडाकडे धरून बघायचे आणि परत तोंडात. हे सगळं माझ्या डायनिंग टेबलावर, कोशिंबिरीच्या वाडग्याशेजारी. शी! आज लिहितानाही मळमळतं.

नातं म्हणाल तर काही नाही. माझ्या नवऱ्याच्या, संदीपच्या, गावचे. गुहागरकडे एकाच वाडीत दोघांची घरं, तेवढंच. रियाधमध्ये आम्ही दोघं बँकेत, आणि काका शहराबाहेरच्या अल सुलै भागातल्या एका गोदामात स्टोअरकीपर. बावीस वर्षं तेच गोदाम आणि तीच खोली, आणखी पाच जणांबरोबर. दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे, आणि माझी चिडचिड गुरुवारपासूनच सुरू व्हायची.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. चहा बशीत ओतून फुर्रर्र करणार. एकाच रुमालाने आधी मान पुसणार, मग चष्मा, मग उपकार केल्यासारखं आपलं टेबल. खोकला तर असा, की पोटातून काहीतरी निघतंय आणि ते आता कुठे पडणार याची आपल्याला धास्ती. मी त्यांचं ताट, पेला आणि चमचा वेगळा करून सिंकखालच्या कप्प्यात ठेवून दिला होता. हे कुणाला कळणार नाही अशी माझी समजूत होती.

आमची ईशा तेव्हा अकरा वर्षांची. एकदा ती तोंडावरच म्हणाली, "मम्मा, धिस इज सो ग्रोस!" आणि ताट घेऊन खोलीत निघाली. मी तिला रागावले, पण ते लोकांना दाखवायला आई रागावते ना, तसं.

"रागावू नको गो पोरीला," काका म्हणाले. "माझं काय, मी कुठंही बसेन."

आणि ताट उचलून बाल्कनीत गेले. बाहेर पंचेचाळीस डिग्री. मी थांबवलं नाही. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

तर या माणसाने म्हणे युरोप पाहिला होता! त्यांची लेक आणि जावई लक्झेंबर्गला नोकरीला. हा देश एवढासा, की आपल्या तीन-चार तालुक्यांत मावेल. दोन वर्षांपूर्वी काका लेकीकडे तीन महिने राहून आले होते आणि तेव्हापासून दर शुक्रवारी आम्हाला त्या देशातलं एकेक स्थळ वाढलं जायचं.

"सगळा देश पायाखाली घातला मी. एक जागा सोडली नाही."

"काय काय पाहिलंत?" संदीप कौतुकाने विचारायचा. त्याला गावचं माणूस म्हणजे देव.

"एक मोठं चर्च आहे. जुनं. आत गरम असतं."

"आणखी?"

"राजवाडा आहे. पुढे एक शिपाई बंदूक घेऊन उभा असतो. मी रोज हात करायचो त्याला. तो बिचारा हलत नाही, नोकरी ना. आणि खडकाच्या पोटात बोगदे कोरलेत, जुन्या किल्ल्याचे. आत पाणी ठिबकतं. तिथं बसू नये, सांधे धरतात."

मी स्वयंपाकघरात कपाळावर हात मारून घ्यायचे. लोक युरोपातून काय काय डोळ्यांत साठवून आणतात, आणि या माणसाला आठवतं काय, तर चर्च गरम होतं! गाढवाला गुळाची चव काय, असं मी संदीपला ऐकवलंसुद्धा. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आमच्या बँकेचे मोठे साहेब सहकुटुंब जेवायला येणार होते. आणि अकराच्या ठोक्याला दारात काका हजर. साहेबांच्या बायकोसमोर ती कवळी पेल्यात फिरताना मला दिसायलाच लागली.

"काका," मी तोंडभर हसून म्हटलं, "इतकी वर्षं रियाधमध्ये आहात, मसमक किल्ला पाहिलात का? मातीचा आहे, फार ऐतिहासिक. आज बघून या ना. मेट्रोने जाल. मी डबा भरून देते."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मांडलेल्या टेबलाकडे. "हो की," म्हणाले. "राहिलाच आहे बघायचा."

संध्याकाळी सहाला डबा परत द्यायला आले. धुऊन आणला होता. चेहरा तांबडा लाल, ओठ सुकलेले.

"कसा वाटला किल्ला?"

"झकास. सावली आहे एका बाजूला."

त्याच वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. संदीपला लक्झेंबर्गच्या एका बँकेत नोकरी लागली. आणि काकांच्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, सांगितलं, वय झालं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आता पुढे वाढवणार नाही, खलास. दोन महिन्यांत देश सोडायचा. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती आणि गावच्या घरात पुतण्याचा संसार. म्हातारा जाणार कुठे, हा प्रश्नच होता.

"लेक बोलावतेय तिकडे," काका म्हणाले. "व्हिसाचा फॉर्म तेवढा भर गो सूनबाई. मला ते कॉम्प्युटरवर जमत नाही."

मी हो म्हटलं. आणि गंमत म्हणून वर म्हटलं, "काका, आम्ही तिथे नवखे. काय काय बघायचं, त्याची यादी द्या ना करून."

केवढे खूश झाले! पुढच्या शुक्रवारी यादी घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवून, त्या दिवशी गोदामात माल यायचा होता म्हणून, न जेवताच परत गेले. गोदामाच्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रकाने आखलेले होते. जागा. बसायची सोय. शौचालय. उघडते. बंद होते. शेरा.

मी संदीपला मोठ्याने वाचून दाखवायला लागले, अर्थात नाटकी आवाजात.

"कॅथेड्रल. बाकडी भरपूर. गरम. प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेत बसावे, कोणी उठवत नाही."

संदीपही हसला.

"राजवाडा. बसायला काही नाही. पाऊस आल्यास समोरच्या दुकानाच्या छपराखाली. बोगदे. तिकीट आहे, एकदाच बघावे. व्हियांदेनचा किल्ला. लांब आहे पण बस फुकट, जाण्यायेण्यात दिवस चांगला जातो. बसमध्ये झोप लागते. म्युझियम. डबा बाहेरच्या पायरीवर खावा. रखवालदार तिसऱ्या दिवसापासून ओळखतो, मग फार वेळ बसू देत नाही."

इथे माझा नाटकी आवाज बसला. म्युझियममध्ये तीन-तीन दिवस कोण जातं? खाली एक ओळ शिल्लक होती, ती मी मनातच वाचली. 'संध्याकाळी साडेसहाच्या आत घरी परतू नये.'

संदीपने माझ्या हातातून कागद घेतला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसला.

मला उलगडायला एक क्षणही लागला नाही. कसा लागेल? डबा भरून माणसाला इतिहास बघायला घालवायची विद्या मला चांगली येत होती. आणि एक गोष्ट मघाशी मी लपवली, ती आता सांगते. शुक्रवारी दुपारपर्यंत मसमक किल्ला बंद असतो. मला ते माहीत होतं. मेच्या उन्हात ते चार तास कुठे बसतील, हा विचार माझ्या मनात आला होता आणि मी तो बाजूला सारून पुलाव दमावर ठेवला होता. आयुष्यभर मला दुसऱ्यांची किळस येत आली. त्या दिवशी स्वतःची आली. ती पुसायला रुमाल नसतो.

पुढच्या शुक्रवारी मी चांगली ताटं काढली, सगळ्यांना सारखी. काका बसले आणि ताटाकडे बघून हळूच म्हणाले, "माझं ताट हरवलं काय गो?"

म्हणजे हेही माहीत होतं. मी विषय बदलला नाही, सरळ विचारलं. "काका, लेक तुम्हाला रोज बाहेर पाठवायची?"

"ती वाईट नाही गो," ते घाईने म्हणाले. "दोन खोल्यांचं घर. दोघंही घरूनच काम करतात, दिवसभर कॅमेऱ्यासमोर. मी खोकलो की पलीकडच्या साहेबाला ऐकू जातं. डबा द्यायची ना रोज. दोन पोळ्या, भाजी, वर एक केळं. उपाशी नाही ठेवलं."

"म्हणून जन्मदात्या बापाला नव्वद दिवस रस्त्यावर? शी! किळस येते मला असल्या पोरींची!"

बोलून गेले आणि जीभ चावली. संदीपने मान वर केली नाही. काका वरणात भात कालवत राहिले.

"तो फॉर्म राहू दे," मी म्हटलं. "आम्ही चाललोय ना तिकडेच? आमच्याकडे या. तुमचा व्हिसा, राहणं, सगळं मी बघते. मनापासून सांगतेय, काका. देवाशपथ."

काका हसले. "येईन की. फक्त पाहुणे कुठल्या वारी येतात, तेवढं आधी सांगून ठेव. त्या दिवशी मी आपला आपण निघेन. तुला तोंडाने सांगायची पाळी नको."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी कधी हार गेलेली नाही. पण हा टोमणा नव्हता. ते खरोखरच माझी सोय बघत होते.

फॉर्म त्यांनी भरूच दिला नाही. लेकीकडेही नाही, आमच्याकडेही नाही. फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, घेतली आणि गावी पुतण्याकडे गेले. विमानतळावर संदीप गेला होता. माझं पाऊल उचललं नाही.

इथे लक्झेंबर्गला येऊन आम्हाला आता आठ महिने झाले. परवा धीर करून मी गुहागरला फोन लावला. पुतण्याच्या बायकोने घेतला.

"काका आहेत का?"

"आता नाहीत, वहिनी. संध्याकाळी करा. सकाळी जातात ते दिवेलागणीलाच येतात."

"जातात कुठे?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "डबा देते मी भरून."