केळीच्या बागेतली तार

फौजेतून सुटून आलो तेव्हा ज्याला त्याला मला वॉचमन करायचं होतं. जळगावात बँकेचं दार, नरडाण्याला कारखान्याचं गेट. फौजी माणूस म्हणजे टोपी आणि बंदूक, एवढंच लोकांना ठाऊक. मी सगळ्यांना नाही म्हटलं. नोकरीभर माझ्या हातात बंदुकीपेक्षा पक्कड जास्त राहिली. मी सिग्नलचा लाइनमन. डोंगरावरून टेलिफोनच्या तारा ओढायच्या, तुटल्या की जोडायच्या, पलीकडून आवाज आला की पुढं निघायचं. हे काम मला येतं, आणि जे येतं तेच करणार.

"मग खाणार काय?" मेहुण्यानं विचारलं होतं.

"पेन्शन," मी म्हणालो. "आणि तुमच्या बहिणीच्या शिव्या."

माझं गाव इथलं नाही. सांगलीकडचा मी, दहावी काठावर पास होऊन शाळा सोडली आणि भरतीला उभा राहिलो. बायको फैजपूरजवळची, तिथंच अंगणवाडीवर. माझ्या बदल्यांच्या मागं तिनं आणि पोरांनी किती फिरायचं? सासऱ्यांनी, नानांनी, त्यांना गावातल्या घरात ठेवून घेतलं आणि स्वतः मळ्यातल्या खोलीत राहायला गेले. एकदाही बोलून दाखवलं नाही. मी सुटून आलो तेही त्याच घरात. पारावर लोक घरजावई म्हणतात. म्हणू देत. ज्या माणसानं माझं घर सांभाळलं त्याच्या घरात राहायची मला लाज वाटत नाही.

मागच्या वर्षी नाना पाटाच्या कडेला घसरून पडले. फार लागलं नाही, पण पडले तिथं बराच वेळ कुणाला कळलं नाही. मोबाइल होता, पण बागेत रेंज येते-जाते. त्यातून केळीच्या चिकानं नानांची बोटं इतकी राठ झालेली, की काचेवर कितीही दाबा, फोन दाद देत नाही. मेहुणा जळगावात मेहरूणला फ्लॅट घेऊन राहतो. तो आला आणि सरळ म्हणाला, "नाना, यापुढं एकदा जरी तुमचा फोन लागला नाही, तर मी गाडी घेऊन येईन आणि घेऊन जाईन. मग ऐकणार नाही."

"मी तठी येऊन काय करू? मेहरूणच्या तलावात केळी लावू?" नाना म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मळा सुटला तर हा माणूस टिकणार नाही, हे मला दिसत होतं. रात्रंदिवस तेच मनात. मी तसा घाबरट आहे. नाहीतर इतकी वर्षं दर तासाला लाइन तपासत बसलो नसतो.

मग मी माझंच काम काढलं. धुळ्याच्या भंगार बाजारात हँडल फिरवून घंटी वाजवायचे दोन जुने टेलिफोन मिळाले, बंद पडलेल्या कुठल्यातरी गिरणीतले. दोन पदरी तार आणली आणि घरापासून बांधाबांधानं, ठिबकच्या नळ्यांशेजारून मळ्याच्या खोलीपर्यंत टाकली. अख्खं गाव हसलं.

"फौजी, पाकिस्तानला जोडून राह्यला का?"

"हो. तुझ्या बायकोची तक्रार तिकडं कळवायची आहे."

मेहुणाही हसला. पण नानांनी हँडल फिरवलं, घरात घंटी खणखणली, आणि बायकोनं फोन उचलून विचारलं, "नाना, वांग्याचं भरीत पाठवू का?" तेव्हापासून सकाळ-दुपार-संध्याकाळ घंटी वाजते.

केळी काढायच्या दिवसांत एका दुपारी वाजली नाही. मी हँडल फिरवलं, पलीकडं काही नाही. नेमका मेहुणा घरी आलेला. त्यानं गाडीची किल्ली उचलली. "झालं, जिजाजी. बसा गाडीत."

मी तार हातात धरली आणि बांधानं चालायला लागलो.

"रस्त्यानं पाच मिनिटांत पोचू! तुम्ही तार बघताय की माणूस?"

"माणूसच बघतोय," मी म्हणालो. लाइन मेली की दोन्ही टोकांची माणसं तार हातात धरून निघतात आणि तुटल्या जागी भेटतात. फौजेत आम्ही तसंच करायचो, आणि नानांना मी तेच शिकवलं होतं. खोलीत ते नसतीलच, अशी माझी खात्री होती. खात्री कसली, चालता चालता मी पळायला लागलो होतो. मेहुणा चिडून माझ्या मागं आला.

अर्ध्या वाटेवर केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर उभा होता. चाकानं तार तोडलेली. आणि नाना तुटलेलं टोक निशाणासारखं वर धरून ड्रायव्हरची आईबहीण काढत होते.

"नाना, एवढं चालत आलात? पुन्हा पडला असता तर?" मेहुणा ओरडला.

"पडलो अस्तो तर तारेवरच सापडलो अस्तो. तुह्या फ्लॅटात पडलो तर तू हापिसात. मले कोण धुंडीन?"

नाना, "जोडा, मी घंटी वाजवतो," म्हणून परत निघाले. ताण गाठीवर पडावा म्हणून मी आधी गाठ मारतो, मग टोकं सोलतो. मेहुण्याला नानांकडची दोन टोकं सोलून धरायला दिली आणि माझ्या बाजूची सोलायला घेतली. नानांना दम कुठला! मी जोडायच्या आत त्यांनी हँडल फिरवलं, आणि हँडल फिरलं की तारेत करंट येतो. मेहुण्याला असा झटका बसला की तार फेकून तो बांधाखाली उडी मारून उभा राहिला.

"पोचले," मी म्हणालो.

तो हात झटकत हसायला लागला, शिव्याही दिल्या. मग वर आला, पुन्हा टोकं धरली आणि म्हणाला, "इथं पाइपातून घ्या. ट्रॅक्टर रोज जाणार."

संध्याकाळी तो भरीत खाऊन एकटाच जळगावला गेला. पाइप त्यानंच पाठवला.