साहेबाची हरळी

कळंबच्या अलीकडे, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर माझं एक सुटीचं घर होतं. दोन खोल्या, वर टिनं, पुढे पडवी. मी त्याला फार्महाऊस म्हणायचो. गावातले लोक 'साहेबाचं ते' म्हणायचे आणि त्यांचंच बरोबर होतं. कापसाचे दिवस वाईट होते. भोवतालची माणसं यंदा काय पेरावं या काळजीत, आणि यवतमाळच्या कचेरीत कारकुनाचा साहेब झालेला मी दर रविवारी स्कूटरला रंगाचे डबे बांधून तिकडे निघायचो.

काळ्या मातीवर घर बांधू नये असं मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सगळ्यांनी सांगितलं होतं. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचं सगळं हलवते. पाया तरी खोल घ्या, म्हणाले. मी पाया उथळ घेतला आणि फाटक महागाचं घेतलं. कंपाउंडची भिंत दुसऱ्याच वर्षी रस्त्याकडे वाकली. उन्हाळ्यात मी सिमेंटनं भेगा बुजवायचो, वरून पिवळा रंग द्यायचो, आणि पोळा येईपर्यंत त्याच भेगा त्याच जागी हजर. चौथ्या वर्षी भिंतीचा एक तुकडा आडवाच झाला. शेळ्या तिथून आत येऊन माझी जास्वंद खायच्या. फाटकाला मात्र मी कुलूप लावत असे.

आठवडाभर आवार सांभाळायला गावातली एक बाई यायची. पन्नाशीची, काटक, मोजकं बोलणारी. मी तिला मावशी म्हणायचो. निंदणाच्या, म्हणजे वावरातलं तण काढणाऱ्या बायांची टोळी तिच्या हाताखाली होती आणि त्या कामात तिचं नाव होतं. तिचा विळा फिरला त्या वावरात हरळीचं मूळ राहत नाही, असं शेतकरी सांगत. हरळी म्हणजे आमच्याकडच्या शेतकऱ्याची जन्माची वैरीण. इंचभर कांडं मातीत राहिलं तरी सगळं वावर व्यापते. पण त्या वर्षांत कापूस परवडेना, मग मजूर परवडेना, आणि तणनाशकाचे पंप घरोघरी आले. टोळीला बोलावणं कमी होत गेलं. म्हणून ती माझ्याकडे यायची. एरवी माझ्या जास्वंदीची राखण करण्याइतकी ती रिकामी नव्हती.

अशा या आवारात मी लॉन करायचं ठरवलं. शहरातल्या नर्सरीवाल्यानं गवताचं एक इंग्रजी नाव सांगितलं, ते मी आठवडाभर कचेरीत सगळ्यांना ऐकवलं. त्याच्या माणसांनी पोती उघडली तेव्हा मावशी वाकून पाहत होती.

"साहेब, हे तं हरळी हाये."

"नाही हो मावशी. विलायती आहे."

तिनं एक कांडं उचललं, नखानं सोललं आणि परत ठेवलं. "असन," म्हणाली.

पावसानं साथ दिली आणि लॉन झकास धरलं. मी कचेरीतल्या दहा जणांना, मोठ्या साहेबांसकट, पोळ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी जेवायला बोलावलं आणि मावशीला सांगून ठेवलं, पाहुणे येणार, आवार लख्ख पाहिजे.

त्याच्या आधीच्या रविवारी मी फाटक उघडलं तर समोर काळी स्वच्छ जमीन. गवताची एक काडी नाही. वर शेणसडा, पायरीपाशी रांगोळी. मावशी आणि तिच्या टोळीतल्या चार बाया पडवीत बसल्या होत्या, हातपाय चिखलानं भरलेले. त्या आदल्या दिवसापासून राबल्या होत्या, आणि मजुरी नको म्हणत होत्या.

"तुमाले फसवलं त्या नर्सरीवाल्यानं," मावशी म्हणाली. "पाहुने हासले असते. आमी मुळापासून काढली."

मी काय केलं? चार बायांसमोर तिच्यावर ओरडलो. अडाणी म्हणालो. आणि वर म्हणालो, उद्यापासून येऊ नका. ती उठली, विळा पदराला पुसला आणि गेली. स्कूटरवर परतताना यवतमाळपर्यंत मी स्वतःला बरोबर ठरवत होतो.

बुधवारी रजा टाकून पुन्हा गेलो, कुंड्या मांडून काही झाकता येतं का बघायला. बुधवार म्हणजे बाजाराचा दिवस; सगळे बाजाराला गेलेले, गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. भिंत पडली होती तिथून आत पाहिलं. मावशी एकटी गुडघ्यांवर बसून रस्त्याकडेला फेकलेली ओली कांडी एकेक करून मातीत खोचत होती. अर्धं आवार झालं होतं.

मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल. जिनं जन्मभर हरळी उपटून नाव कमावलं तिला मी हरळी लावायला बसवलं होतं, दहा लोकांनी वा म्हणावं म्हणून.

"राहू द्या, मावशी. माझंच चुकलं."

तिनं मान वर केली नाही. "कामावरून नोका काढू, साहेब. निंदन तं आता कोनी सांगतच नाही." मग पुढचं कांडं खोचत म्हणाली, "फकत कोनाले सांगजा नोका, म्या लावली म्हनून. टोळी मोडन माई."

मी तिच्या शेजारी बसलो आणि उरलेलं अर्धं आवार लावलं. माझ्या ओळी वाकड्या आल्या. त्या तिनं पुन्हा उपटून सरळ केल्या.

रविवारी पाहुणे जेवत होते. गवत मलूल होतं, पण जगलं होतं. रस्त्यानं जाणारा एक शेतकरी पडक्या भिंतीपाशी थबकला. ज्यांच्या वावरात मावशीची टोळी पूर्वी जायची त्यांतलाच तो. त्यानं आवाराकडे पाहिलं, मग पडवीत पाणी भरणाऱ्या मावशीकडे.

"साहेब, हे हरळी कोनं लावली?"

मावशीच्या हातातली कळशी तशीच राहिली.

"मी," मी म्हणालो, जरा मोठ्यानंच. "सगळी. माझ्या हातानं."

माझे दहाही पाहुणे हसले. मोठ्या साहेबांना तर ठसका लागला. शेतकऱ्यानं कपाळावर हात मारला आणि मावशीला विचारलं, "तू सांगतलं नाही काय यायले?"

"सांगतलं ना बाप्पा," मावशी म्हणाली. "आयकतच नाहीत."

तो हसत हसत पुढे गेला, आणि चार पावलांवरून वळून म्हणाला, "सोमवारी टोळी घेऊन ये माया वावरात. फवारलं, तरी हरळी तशीच हाये."

"येतो," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पाहुण्यांच्या पेल्यांत पाणी ओतायला लागली.