हस्तलिखितातलं शेवटचं पान

मद्रासला रेल्वेच्या कचेरीत लागलो तेव्हा मला सांभाळून घेतलं ते आमच्या हेडक्लार्कनी. ते तंजावरकडचे मराठी, मैलापूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. सगळे त्यांना मामा म्हणत. तरुणपणी तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका जुन्या संगीत नाटकाची नायिका ते करायचे. त्यातली पदं त्यांनी मला गच्चीवर बसवून एकेक करून शिकवली.

त्याच नाटकावरचा नवा सिनेमा एका रविवारी सकाळच्या खेळाला लागला. सगळं मंडळ लोटलं. नायिका स्कूटरवरून आली आणि पदं तर एकजात गायब! मामा बाहेर आले ते डोळे पुसतच.

"अय्यो, अस्क गेलं रे," ते म्हणाले. अस्क म्हणजे सगळं. "तू लिही. सोडू नको!"

मंडळाचं हस्तलिखित मासिक माझ्याच अक्षरात निघायचं. मामांनी कॉफी पीत अर्धं परीक्षण तोंडी सांगितलं, अर्धं मी रचलं, आणि खाली सही माझ्या एकट्याची केली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

हस्तलिखिताची प्रत एकच. ती घरोघर फिरे आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर जो तो अभिप्राय लिही. परमुलखात आपली भाषा पडद्यावर ऐकून लोक हरखले होते, त्यामुळे माझ्यावर तुटून पडले. अड्यारच्या एका बाईंनी लिहिलं, 'लेखकाला बघवत नाही, दुसरं काय!' मी निर्धास्त होतो. यादीत शेवटचं घर मामांचं होतं. ते लिहितील आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील.

प्रत परत आली. शेवटच्या पानावर मामांचं तिरपं अक्षर होतं. 'लेखक लहान आहे. जुने नाटक त्याने पाहिलेले नाही. चित्रपट उत्तम.'

मी ते तीनदा वाचलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. कचेरीत मामांनी नेहमीसारखा डबा पुढे सरकवला. "मंडळात राहायचं म्हणजे अस्क्यांना धरून राहायला होतं रे," एवढंच म्हणाले. मी डबा तसाच परत सरकवला.

पुढच्या गणेशोत्सवात कुणीतरी मला नायिकेचं पद म्हणायचा आग्रह केला. मामा पहिल्या रांगेत बसले होते, ताल धरायला हात मांडीवर ठेवून.

"मला येत नाही," मी म्हणालो. "मला ते कुणी शिकवलंच नाही."