फोरमनचाचांचा मशवरा

अंबडच्या आमच्या रबर कारखान्यात फोरमनचाचा स्वतःचं मत कधी आधी सांगत नसत. काही ठरवायचं असलं की दुपारची नमाज आटोपून ते सगळ्यांना रबराचे साचे दाबणाऱ्या प्रेसजवळ गोळा करत. आधी झाडूवाल्या मावशी, मग ऑपरेटर, मग आम्ही साहेब लोक आणि सगळ्यांत शेवटी ते स्वतः. "बडा पहले बोला, तो छोटा नुसती मान हलवतो," असं त्यांचं म्हणणं. याला ते मशवरा म्हणत. पंखा कुठे लावायचा यालाही ग्रामसभा लागते, म्हणून आम्ही नवे इंजिनिअर पाठीमागे हसायचो.

ऑपरेटरांना चहा मिळाल्याशिवाय ते स्वतःचा कप उचलत नसत. "हाताखालचा माणूस अमानत आहे साहेब, सोपवलेली ठेव. वर गेल्यावर जाब द्यावा लागतो."

एकदा माल न्यायला आलेली गाडी खोळंबली म्हणून मी काशिनाथला साचा दोन मिनिटं आधी उघडायला लावला. काशिनाथ सुरगाण्याचा, कंत्राटी, सांगेल ते मुकाट्याने करणारा. गॅस्केटं कच्ची राहिली आणि सगळा माल परत आला. मालक काशिनाथला काढायला निघाले, तेव्हा चाचांनी त्यांच्यासमोरच मशवरा बसवला.

काशिनाथ खाली बघत म्हणाला, "माझंच चुकलं असंल."

माझी पाळी आली. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. "मला काही कल्पना नाही," मी म्हणालो. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मालकांना म्हणाले, "शिफ्ट माझी होती. जाब मला विचारा."

काशिनाथ राहिला. चाचांची फोरमनकी काढून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत.

निरोप समारंभात मी प्रामाणिकपणावर चांगली दहा मिनिटं बोललो. टाळ्याही पडल्या. गेटपाशी चाचांनी माझा हात हातात घेतला. "साहेब, सबका हो गया. त्या दिवसाचं तुमचं बोलणं तेवढं राहिलंय."

पुढे मी मॅनेजर झालो. मीही सगळ्यांना विचारून मग शेवटी बोलतो, आणि लोक त्याचं कौतुक करतात. चाचा गेल्याचं कळलं, त्या दुपारी मी सगळ्यांना प्रेसजवळ बोलावलं, काशिनाथला समोर उभं केलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी सगळ्यांच्या आधी बोललो.