पेला खाली ठेवला तर

आमच्या तफीला गावच्या डोंगरावर पवनचक्क्या आल्या आणि हाबिसच्या पोटाचं वाटोळं झालं. त्याचं एक चार पानी साप्ताहिक. कुणाचीच बाजू घ्यायची नाही हा त्याचा हट्ट, पण आमच्याकडे कॉफीला नाही म्हणायची सोय नाही. पवनचक्कीवाल्या कंपनीच्या कचेरीत तीन पेले झाले, की हा मोजून तीन पेले गावप्रमुख शेख दैफल्लाहच्या बैठकीत पिऊन यायचा. उगाच कुणी बोट दाखवायला नको. तरी कंपनी म्हणे हा शेखचा माणूस, आणि शेख म्हणे कंपनीचा. त्याची बायको शमा म्हणे, "कुणाचा का असेना, ॲसिडिटीची गोळी मीच देते."

शेखचं रडगाणं मोठं होतं. चक्क्यांच्या घरघरीने शेळ्यांचं दूध आटलं, गावाचा डोंगर परक्यांनी गिळला. हाबिसने ते छापलं. शेळ्या मात्र पूर्वीइतकंच दूध देत होत्या, तेही छापलं. प्रश्न एकच उरला, डोंगराचं भाडं कुणाला जातं? कंपनी म्हणाली, करार गुप्त आहे. शेख म्हणाला, मला काय ठाऊक?

त्या शुक्रवारी नमाजानंतर भरल्या बैठकीत हाबिससमोर कॉफी आली. त्याने पेला ओठाला न लावता जमिनीवर ठेवला. पाहुण्याने पेला खाली ठेवला की त्याचं काही मागणं आहे, ते पुरं झाल्याशिवाय तो पिणार नाही, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. नाही म्हणणाऱ्या यजमानाची अब्रू गेलीच. शेखला वाटलं, हाबिसच्या पोराला, कायदला, नोकरी हवी असेल. त्याने थाटात मिशीवरून हात फिरवला आणि हाबिसला मानाने, पोराच्या नावाने हाक मारली.

"पी, अबू कायद. दिलं समज."

"शेखसाहेब, डोंगराचं भाडं कुणाला जातं, तेवढं सांगा."

चाळीस माणसांदेखत दिलेला शब्द. शेखने घसा खाकरला, छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला."

हाबिसने कॉफी एका घोटात संपवली.

दुसऱ्याच दिवशी शेख सात वडीलधाऱ्यांना घेऊन हाबिसच्या दारात हजर. हाबिसच्या पायाखालची जमीन सरकली. आता पेला खाली ठेवायची पाळी शेखची, आणि मागणं काय असणार हे सांगायला नको: बातमी छापू नकोस. नाही म्हणावं तर नातवंडांपर्यंत नाचक्की, हो म्हणावं तर वीस वर्षांचं साप्ताहिक पाण्यात. आपलाच डाव आपल्यावर उलटला म्हणून त्याला स्वतःचा रागही आला, पण त्याहून जास्त भीती वाटली.

शमा तबक घेऊन आली. तबकात चहा होता, पुदिना घातलेला, चांगला गोड.

"कॉफी नाही?" शेखने विचारलं.

"यांच्या पोटाला सोसत नाही, शेखसाहेब. कालपासून घरात बंद केली."

शेखने चहाचा ग्लास जमिनीवर ठेवला. सगळे त्या ग्लासाकडे बघत राहिले. पण चहाला तो मान नाही. चहा खाली ठेवला तर नुसता गार होतो. शेवटी एका म्हाताऱ्याला हसू फुटलं, आणि शेखने तो गार चहा निमूट पिऊन टाकला.

गुरुवारी बातमी आली. भाडं खाणारा शेख आणि करार लपवणारी कंपनी शेजारीशेजारी, सारख्याच ठळक अक्षरांत. तेव्हापासून दोन्हीकडचं कॉफीचं बोलावणं बंद झालं. हाबिसला महिनाभरात गोळी लागेनाशी झाली.