ह्यांच्या नावावरचं रेटिंग

"भाभी, लेडीज के लिए रंगोली है ना!"

सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई असं म्हणाले आणि माझं नाव न लिहिताच पेन खिशाला लावलं. मला चेसच्या स्पर्धेत खेळायचं होतं. शेजारी आमचे हे उभे होते. तेही हसले.

सव्वीस जानेवारी होती. बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या कंपाउंडात मांडव घातलेला. ह्यांना पहिल्या टेबलावर शहाभाईंसमोर बसवलं, कारण नेटवर ह्यांचं रेटिंग साडेसतराशे. शहाभाईंचं चौदाशेच, पण ते स्पर्धांना जाऊन, पटावर खेळून कमावलेलं.

आता खरं सांगते. ते साडेसतराशे माझे होते. हे ऑफिसला, मुलगा शाळेत, कुकर उतरवला की मी ह्यांच्या आयडीवरून खेळायला बसायचे. बाईचं नाव दिसलं की लोक चॅटमध्ये नको ते विचारतात, म्हणून ह्यांचं नाव. रेटिंग वाढलं की हे चारचौघांत मिरवायचे. खेळते कोण, हे ह्यांना ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मलाही आतून गुदगुल्या व्हायच्या. ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर मीच चढवलं.

डाव फार चाललाच नाही. ह्यांच्यावर मात येतेय हे मला आधीच दिसलं होतं. समोशाची डिश धरून मी बघत उभी राहिले, आणि बाई गं, मला आनंद झाला. ह्यांचे कान लाल झाले, तरी झाला. स्वतःच्या नवऱ्याची फजिती, आणि मला आनंद! ते अजून खुपतं.

शहाभाईंनी विचारलं, "नेट पे कोई और खेलता है क्या?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट डोळ्यांत पाहिलं. मग म्हणाले, "बेटा बैठता है कभी कभी।"

बेटा! दुसरीतलं पोर. घोडा कसा चालतो ते त्याला ठाऊक नाही. पण बायकोचं नाव घेण्यापेक्षा ह्यांना तेच बरं वाटलं.

मी डिश ठेवली. म्हटलं, "मैं खेलती हूँ. लगाओ बोर्ड."

मांडवात हशा पिकला. शहाभाईंनी हसत हसतच सोंगट्या लावल्या.

आणि मी हरले. काय सांगू! नेटवर घड्याळ आपोआप चालतं, इथे चाल केली की बटण दाबायचं, ते मी विसरत होते. स्क्रीनवर सगळा पट वरून दिसतो. इथे उंच सोंगट्यांच्या आड कोपऱ्यातला उंट मला दिसलाच नाही. वजीर उचलला, पुढे नेताना उंट दिसला, परत ठेवायला गेले.

"टच किया तो चलना पड़ेगा, भाभी."

कुठेही ठेवला तरी मरत होता. वजीर गेला. डाव गेला. कोणीतरी म्हणालं, "रंगोली बाकी है अभी." आमचे हे सगळ्यांत मोठ्यांदा हसले. सुटल्यासारखे हसले. आता ते रेटिंग माझं होतं यावर कोण विश्वास ठेवणार?

त्या रात्री हे जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. रडले. ह्यांची लाज मीच काढली, हे खरंच होतं. पण मी नुसती हरले नव्हते, माझ्या नावाने हरले होते. तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या नावाची नवी आयडी काढली. बाराशेपासून सुरुवात. चॅट बंद करून टाकला. भाईंदर पश्चिमेहून लाकडी पट आणला. घड्याळ नव्हतं, म्हणून प्रत्येक चालीनंतर डबीच्या झाकणावर हात मारायची सवय लावली. तिथल्याच एका हॉलमध्ये पुढच्या महिन्यात एका रविवारी स्पर्धा होती. पोरांमध्ये मी एकटी बाई असणार होते. नाव दिलं.

आठवड्याने हे माझ्याजवळ आले. चेहरा एवढासा.

"अगं, माझं रेटिंग पार घसरलंय. दोन डाव खेळ ना."

हे मीच करून ठेवलेलं. क्षणभर वाटलं, बसावं, चढवून द्यावं.

म्हटलं, "अहो, तुमचं तुम्ही खेळा. मला रविवारची तयारी करायचीय."

आणि झाकणावर हात मारला.