सईची नववी आणि शेळीची दोरी

आमच्या घरात शिक्षणाविषयीचे सर्व निर्णय मी घेतो, कारण मला त्यातलं कळतं.

त्यामुळे आमची लेक सई आठवी संपवून हायस्कूलला निघाली तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. आमच्या या अमेरिकन गावातले, प्लेनोतले, ओळखीचे बाकीचे आईबाप एकमेकांना फोन करकरून हैराण झाले होते. इथे हायस्कूल नववीपासून, आणि कुठला विषय कुठल्या लेव्हलचा घ्यायचा ते आधीच ठरवायचं. साधा तो रेग्युलर, अवघड तो ऑनर्स. आता यात ठरवण्यासारखं काय आहे? आमच्या वेळी नागपुरात एकच लेव्हल होती : बापाला वाटेल ती!

सईने मात्र स्वतःचं डोकं चालवलं होतं.

"बाबा, बायॉलॉजी ऑनर्स, जॉमेट्री रेग्युलर आणि आर्ट."

"जॉमेट्री रेग्युलर? काहून? जोश्यांचा अर्णव तर ऑनर्स घेतोय!"

"अर्णव लाइक्स जॉमेट्री, बाबा."

"आवड काय, निर्माण होते!" (माझी भूमितीची आवड अजून निर्माण व्हायची आहे, पण तो मुद्दा इथे गैरलागू.)

माझी बायको मुग्धा पुण्याची. ती भांडत नाही, नुसतं सुचवते. "तिला विचारून तरी ठरव," तिने सुचवलं.

"विचारलं की! ती चुकीचं उत्तर देतेय!"

शाळेच्या काउन्सेलर मिसेस हॉलिस फार गोड बाई. विषय ठरवायला आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो, आणि बोललो मी एकटाच.

"सगळं ऑनर्स करा. आर्टला ऑनर्स आहे का?"

"पहिल्या वर्षी नाही."

"मग काढा ते. सायन्समधलं अजून काही?"

त्यांनी कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि मला दिसलं, अ‍ॅनिमल सायन्स! माझ्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, मायक्रोस्कोप आणि मेडिकल कॉलेजचं गेट अशी चित्रंच तरळू लागली.

"हे द्या!"

"नक्की? हा विषय खूप हँड्स-ऑन आहे."

"तेच तर पाहिजे! आम्ही इंडियात सगळं पाठ करून शिकलो!"

"पालकांनाही बराच वेळ द्यावा लागतो."

"मॅडम," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मुलीच्या शिक्षणासाठी मी काहीही करीन!" (दोन साक्षीदारांसमोर!) सई खाली फरशीकडे बघत होती. मला वाटलं, भारावली असेल.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात ई-मेल आली : अ‍ॅनिमल सायन्सच्या मुलांनी रबरी गमबूट आणावेत.

"लॅबमध्ये अ‍ॅसिडबिसिड सांडत असेल," मी मुग्धाला समजावून सांगितलं.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं गेलो, तर लॅबला पत्र्याचं छप्पर होतं. आत गवताचे भारे होते आणि कोणीतरी बें-बें करत होतं. मोठी टोपी घातलेले शिक्षक, मिस्टर डॉसन, यांनी माझा हात गदागदा हलवला. "वेलकम! मग काय ठरलं? मेंढी, डुक्कर की शेळी?"

"म्हणजे... बघायला?"

"पाळायला! वर्षभर. इथेच, शाळेच्या गोठ्यात."

मुग्धा शेजारच्या भाऱ्यावर मटकन बसली. तिच्या माहेरी साधं मांजरसुद्धा गॅलरीपर्यंतच यायचं. मी टाय नीट केला आणि पळवाट शोधू लागलो. तेवढ्यात सई म्हणाली, "शेळी." आणि चक्क हसली! उन्हाळाभर मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं.

पांढरीशुभ्र शेळी आली, तिचं नाव बर्फी ठेवलं. जी मुलगी मी तीन हाका मारल्याशिवाय उठत नसे, ती स्वतः उठून सकाळी चारा घालायला जाऊ लागली. पण संध्याकाळी ऑनर्स जॉमेट्री पुढ्यात आली की तिचा चेहरा पडायचा. एकदा वहीवर डोकं टेकून रडत होती.

"बाबा, प्लीज, रेग्युलर करू?"

"होते सवय."

त्यानंतर तिने मला विचारणंच बंद केलं. ते मला खुपलं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

एके सकाळी तिला शाळेआधी जॉमेट्रीच्या सरांकडे शिकायला जायचं होतं. "बाबा, बर्फीला तू फिरवशील?"

"अगं, ऑफिसात मी अख्खी टीम सांभाळतो. एका शेळीचं काय घेऊन बसलीस!"

मी दोरी मनगटाला घट्ट गुंडाळली आणि ऐटीत निघालो. शेजारच्या मैदानावर शाळेचा बँड सराव करत होता. पहिला ढोल वाजला आणि बर्फी उधळली... थेट बँडच्या दिशेने! मी तिला सोडलं नाही. (सोडायचा प्रश्नच नव्हता, गाठ पक्की बसली होती.) ट्रम्पेटवाले उजवीकडे पळाले, बासरीवाल्या डावीकडे. मी मधून आडवा-तिडवा ओढला जात होतो.

"सर! रांगेतून बाहेर व्हा!" मचाणावरून बँडमास्तर कर्ण्यात ओरडले.

"आय अ‍ॅम ट्रायिंग!"

शेवटी मी ओल्या गवतात पालथा झालो. बर्फी थांबली आणि कोणाच्या तरी संगीताचे कागद खाऊ लागली. मान वर करून बघतो तर मैदानाच्या कडेला, हातात कॉफी घेऊन, मिसेस हॉलिस!

गलका ऐकून सई धावत आली. तिने जिभेने नुसतं टक्-टक् केलं आणि ती राक्षसीण शहाण्या बाळासारखी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"बाबा, आर यू ओके?"

"उत्तम!" मी तोंडातलं गवत काढत म्हणालो.

माझ्या मनगटाची गाठ सोडवता सोडवता ती हळूच म्हणाली, "मग आता विचारू? जॉमेट्री रेग्युलर?"

एक हात बर्फीच्या मानेवर ठेवून ती उभी होती. आपल्याला काय झेपतं आणि काय नाही, हे त्या मैदानावर फक्त तिलाच नीट माहीत होतं. मला तर नव्हतंच, हे अख्ख्या बँडने पाहिलं होतं.

"कर," मी म्हणालो.

"बायॉलॉजी ऑनर्सच ठेवते. अँड बर्फी. अँड नेक्स्ट इयर, आर्ट."

"ठेव बाई, सगळं ठेव!"

मिसेस हॉलिसनी त्याच दिवशी बदल केला. आता सई जेवताना बडबडते, जॉमेट्रीत बरे मार्क आणते आणि मला पुन्हा प्रश्न विचारते. तिची गाडी रुळावर आली, आणि हल्ली ओळखीतले आईबाप लेव्हल ठरवायला माझ्याकडे येतात. मीही आत्मविश्वासाने सांगतो, "झेपेल तीच घ्या!" माझीही लेव्हल मिस्टर डॉसननी दुसऱ्याच दिवशी बदलली. त्यांनी माझ्या हातातली दोरी काढून घेतली आणि शेणाची बादली दिली. पुढच्या सेमिस्टरला प्रगती दिसली तर बर्फीजवळ उभं राहू देतील, असं सई म्हणते.